जिथे काही सापडत नाही, त्या झडतीचीही नोंद हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाकाबंदीत पोलिसांनी गाडीची डिकी उघडायला सांगितली तर ती उघडावी की आधी वॉरंट मागावे, या प्रश्नावर सध्या दोन टोकांची मते कानावर येतात. एका बाजूचे लोक छातीठोकपणे सांगतात की वॉरंट नसेल तर पोलिसांना गाडीला हातही लावता येत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की खाकी वर्दीने सांगितले म्हणजे उघडायचे, प्रश्न विचारायला कायद्यात जागाच नाही. फौजदारी न्यायालयात वकिली करताना जप्ती पंचनामे वाचणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की ही दोन्ही मते चुकीची आहेत. वॉरंटाशिवाय झडती घेण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला आहे, मात्र त्या बदल्यात कायदा त्यांच्याकडून लेखी कारण मागतो. नाकाबंदीवर नेमके हे लेखी कारणच गायब होते, आणि त्याबद्दल आपल्या वृत्तपत्रातून सविस्तर बोलण्याची परवानगी घेतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण रस्त्यावर तो पुसला जातो. गाडी थांबवणे, कागदपत्रे पाहणे आणि गाडीची झडती घेणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर चालकाने आपला परवाना दाखवलाच पाहिजे. नोंदणी आणि विम्याच्या कागदांचीही मागणी होऊ शकते आणि हे कागद आता डिजीलॉकरमधून मोबाइलवर दाखवले तरी चालतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचा संशय असेल तर कलम २०३ खाली श्वासाची चाचणी घेता येते. नोंदणी नसलेली किंवा परमिट नसलेली गाडी कलम २०७ खाली अडकवून ठेवता येते. यांपैकी एकही कलम मागच्या सीटवरची पिशवी उघडण्याचा किंवा डिकीतले सामान काढून रस्त्याच्या कडेला मांडण्याचा अधिकार देत नाही. ‘पीयूसी दाखवा’ म्हणणारा हवालदार त्याच दमात ‘डिकी उघडा’ म्हणतो तेव्हा तो एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात शिरलेला असतो, आणि त्या दुसऱ्या कायद्याच्या अटी पुष्कळ कडक आहेत.

तो दुसरा कायदा म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १६५ आता तिच्या कलम १८५ मध्ये आले आहे. ‘जागा’ या संज्ञेत घर, इमारत, तंबू यांच्याबरोबर वाहन आणि जहाजही येते, अशी व्याख्या जुन्या संहितेत होती आणि नव्या संहितेतही आहे. त्यामुळे झडतीच्या ज्या अटी घराला लागू आहेत त्या गाडीलाही लागू आहेत, हे वादातीत आहे. कलम १८५ काय म्हणते ते सावकाश वाचण्याजोगे आहे. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपासी अधिकारी एखाद्या गुन्ह्याचा तपास करत असला पाहिजे. त्या तपासासाठी आवश्यक असलेली वस्तू आपल्या ठाण्याच्या हद्दीतील त्या जागेत मिळेल असे मानण्यास त्याच्यापाशी वाजवी कारण असले पाहिजे. ती वस्तू अन्य मार्गाने, विनाकारण उशीर न होता, मिळणार नाही असे त्याचे मत झाले पाहिजे. आणि हे सगळे, शोधायची वस्तू शक्य तितकी नेमकी सांगून, झडतीच्या आधी त्याने केस डायरीत, म्हणजे तपासाच्या नोंदवहीत, लिहून ठेवले पाहिजे. ‘आधी’ या शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. झडती झाल्यावर, सापडलेल्या वस्तूकडे पाहून लिहिलेले कारण या कलमाला अभिप्रेत नाही. या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, आणि ज्याच्या जागेची झडती झाली त्याने अर्ज केल्यास दंडाधिकाऱ्याने त्याला तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. हा शेवटचा हक्क इतक्या थोड्या लोकांना ठाऊक आहे की तसा अर्ज दाखल झालेला क्वचितच पाहायला मिळतो.

यात नव्या संहितेने एक महत्त्वाची भर घातली आहे. कलम १०५ नुसार झडती, जप्ती, जप्त वस्तूंची यादी करणे आणि तीवर पंचांनी सह्या करणे या सगळ्याचे ध्वनिचित्रमुद्रण केलेच पाहिजे, आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवले पाहिजे. त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. ई-साक्ष्य नावाचे ॲपही पोलिसांच्या हाती देण्यात आले आहे. म्हणजे साधन नाही अशी सबब उरलेली नाही.

आता प्रत्यक्षात काय लिहिले जाते ते पाहू. वाहन झडतीच्या प्रकरणातील पंचनामा हातात घेतला की बहुधा पहिल्या परिच्छेदातच एक वाक्य भेटते: ‘खास बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की, एक इसम सफेद रंगाच्या चारचाकी वाहनातून बेकायदेशीररीत्या माल घेऊन येणार आहे.’ गाडीचा क्रमांक बहुतेक वेळा ‘नमूद क्रमांकाचे वाहन’ असा पुढच्या परिच्छेदात, गाडी थांबवून झाल्यावर येतो. पंच दोन, दोघेही ‘आजूबाजूने जाणारे’, आणि पुढे साक्षीच्या वेळी त्यांतला एक हमखास फितूर होतो, कारण त्याची सही ठाण्यात झालेली असते. वाक्यरचना, विरामचिन्हे, चुकीचे ऱ्हस्वदीर्घसुद्धा एका पंचनाम्यातून दुसऱ्यात जसेच्या तसे उतरलेले असते. मी सगळ्याच पोलीस अधिकाऱ्यांवर खोटेपणाचा आरोप करत नाही. अनेकांना खरोखरच बातमी मिळालेली असते. पण जे कारण प्रत्येक प्रकरणात शब्दशः तेच असते ते कारण म्हणून तपासता येत नाही, आणि तपासता येणार नाही असे कारण लिहून घेण्यात कायद्याला काही रस असण्याचे कारण नाही.

अमली पदार्थांच्या बाबतीत कायदा आणखी बारकाईने बोलतो, आणि तो भाग जरा विस्ताराने सांगतो, कारण गाडीच्या झडतीवरचे सर्वांत जास्त वाद तिथेच उभे राहतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात दोन वाटा आहेत. कलम ४२ इमारत, वाहन किंवा बंदिस्त जागेसाठी आहे. तिथे शिपायाच्या दर्जापेक्षा वरच्या आणि शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच झडती घेता येते. मिळालेली बातमी त्याने लिहून काढली पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर वॉरंट आणण्यात वेळ गेल्यास पुरावा नष्ट होईल किंवा आरोपी पळून जाईल असे का वाटते ते लिहिले पाहिजे. आणि त्या नोंदीची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे धाडली पाहिजे. कलम ४३ मात्र सार्वजनिक जागेसाठी आहे आणि तिथे या लेखी अटी नाहीत. साहजिकच गाडी रस्त्यावर पकडली की सरकार पक्ष म्हणतो, रस्ता ही सार्वजनिक जागा, म्हणून कलम ४३. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला. कलम ४३ च्या स्पष्टीकरणात सार्वजनिक वाहनाचा उल्लेख आहे, खासगी वाहनाचा नाही. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर उभी असलेली खासगी जीप ही सार्वजनिक जागा ठरत नाही आणि तिच्या झडतीला कलम ४२ च्याच अटी लागू होतात, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या अटी मुळीच पाळल्या नसल्यामुळे आरोपी सुटले.

त्याआधी २००९ मध्ये घटनापीठाने थोडी सवलत दिलेली होती. अधिकारी गस्तीवर असताना अचानक बातमी आली आणि लिहायला थांबला तर गाडी हातची जाणार असेल, तर आधी झडती आणि मग शक्य तितक्या लवकर नोंद हे चालते. मात्र उशिराचे समाधानकारक स्पष्टीकरण हवे, आणि नोंद मुळीच न करणे हे कधीही चालणार नाही. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. रस्त्यावर ताशी ऐंशी किलोमीटरने जाणाऱ्या गाडीमागे धावणाऱ्या फौजदाराने आधी वही काढावी अशी अपेक्षा कोणीही समंजस माणूस करणार नाही. अपेक्षा एवढीच की, गाडी थांबल्यावर तरी वही निघावी.

याच कायद्याच्या कलम ५० बद्दल मात्र पुष्कळ गैरसमज आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोरच माझी झडती घ्या असे म्हणण्याचा हक्क या कलमाने दिला आहे आणि १९९९ च्या घटनापीठाने त्या हक्काची जाणीव करून देणे पोलिसांवर बंधनकारक ठरवले आहे, हे खरे. पण हा हक्क अंगझडतीपुरता आहे. हातातली बॅग किंवा गाडीची डिकी म्हणजे माणसाचे अंग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुढेही स्पष्ट केले आहे. तेव्हा डिकी उघडताना कोणी कलम ५० चा हवाला देऊ लागला तर तो स्वतःचेच नुकसान करून घेतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम २३ तर आणखी मोकळे आहे. या कायद्याचे उल्लंघन होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे का हे पाहण्यासाठी कोणताही पोलीस अधिकारी वाहन थांबवून त्याची झडती घेऊ शकतो. दारूबंदीच्या कायद्यातही झडतीचे आणि जप्तीचे स्वतंत्र अधिकार आहेत. या सगळ्यावरून एक गोष्ट लक्षात यावी: ‘तुम्हाला अधिकार आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर पोलिसांकडे बहुधा ‘आहे’ असेच असते. म्हणून नागरिकाने विचारण्याजोगा खरा प्रश्न ‘कोणत्या कायद्याखाली आणि कशासाठी?’ हा आहे. त्याचे उत्तर देता येत नसेल तर ती झडती कोणत्याच कायद्याखाली चाललेली नाही.

मग बेकायदा झडती झाली तर पुढे काय? इथे आपला कायदा नागरिकाच्या बाजूने फार उभा राहत नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे. १९७३ मध्ये प्राप्तिकराच्या छाप्यांसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की झडती बेकायदा होती एवढ्यानेच तिच्यातून मिळालेला पुरावा बाद होत नाही. १९६३ च्या एका निकालातही न्यायालयाने म्हटले होते की, बेकायदा झडतीमुळे जप्ती निष्फळ ठरत नाही, फार तर न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक काळजीने तपासेल. दुसऱ्या बाजूला, राजस्थानातील एका प्रकरणात, ज्याचा निकाल १९६० साली प्रसिद्ध झाला, कारणे न लिहिता घेतलेली झडती सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि अशा झडतीला अडथळा केला म्हणून भरलेला खटला टिकू दिला नाही. हा निकाल वाचून कोणी रस्त्यावर पोलिसांशी झोंबाझोंबी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘सरकारी कामात अडथळा’ हे जुन्या दंड संहितेतील कलम ३५३ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये आहे, ते आजही तितक्याच सहजतेने लावले जाते, आणि झडती बेकायदा होती हे सिद्ध होईपर्यंत माणसाची काही वर्षे न्यायालयाच्या व्हरांड्यात जातात.

ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्यावर मर्यादा आणायची तर ती कायद्याने, योग्य हेतूने आणि प्रमाणात असली पाहिजे असे सांगितले. त्या निकालाच्या प्रकाशात, बेकायदा झडतीतला पुरावाही चालतो या जुन्या भूमिकेचा फेरविचार व्हायला हवा असे माझे मत आहे. पण तो विषय न्यायालयाचा आहे. मला जे म्हणायचे आहे ते त्याहून साधे आहे आणि त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

वर उल्लेखिलेले सगळे निकाल कोणत्या झडतींबद्दल आहेत ते पाहा. प्रत्येक प्रकरणात काही ना काही सापडलेले आहे, किंवा निदान खटला उभा राहिलेला आहे. गांजा सापडला म्हणून पंचनामा झाला, पंचनामा झाला म्हणून खटला आला, खटला आला म्हणून न्यायाधीशांनी विचारले की कारण कुठे लिहिले आहे. ज्या गाडीत स्टेपनी, जॅक आणि मुलांची दप्तरे यांखेरीज काही सापडत नाही, तिची झडती कोणत्याही कागदावर येत नाही. डिकी उघडली, बॅटरीचा झोत फिरला, घडी केलेले कपडे उलथेपालथे झाले, ‘जा’ म्हणून हात हलला, आणि झाले. कोणत्या अधिकाऱ्याने, किती वाजता, कशाच्या संशयावरून ही झडती घेतली याचे उत्तर उद्या कोणी मागितले तर ते कुठेच सापडणार नाही. निरपराध माणसाच्या झडतीला न्यायालयाचे डोळे कधी दिसतच नाहीत. कायद्याने घातलेल्या सगळ्या अटींचा लाभ, मिळालाच तर, ज्याच्याकडे मुद्देमाल सापडला त्याला मिळतो. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याला नाही. ही विसंगती मला फार अस्वस्थ करते.

पोलिसांकडून यावर जे उत्तर मिळते ते असे की नाकाबंदीतली तपासणी ही कलम १८५ ची झडती नसतेच, ती ‘रुटीन चेकिंग’ असते, आणि चालकाने स्वखुशीने डिकी उघडलेली असते. पण वाहन ही जागा आहे असे संहिता स्वतः सांगत असताना तिच्या आत वस्तू शोधणे ही झडती नाही तर दुसरे काय आहे? आणि स्वखुशीबद्दल बोलायचे तर, रात्री साडेअकराला, पुढे लोखंडी बॅरिकेड, बाजूला दोन शिपाई आणि काचेवर काठीची टकटक, अशा वेळी बायकामुलांसह गाडीत बसलेल्या माणसाने ‘हो’ म्हटले तर त्याला संमती म्हणणे हे संमतीच्या कल्पनेलाच धरून नाही. नाही म्हणता येते हे ज्याला सांगितले गेलेले नाही त्याचे हो गृहीत धरता येत नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला आहे ते पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्येच मान्य केले की गाडी ही हलणारी वस्तू आहे, वॉरंट आणेपर्यंत ती निघून जाईल, म्हणून सबळ कारण असेल तर वॉरंटाशिवाय तिची झडती घेता येईल.  आपल्याला अधिक जवळचे उदाहरण इंग्लंडचे आहे, कारण आपली फौजदारी प्रक्रिया तिथल्याच परंपरेतून आलेली आहे. तिथल्या १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यानुसार पोलिसाने माणूस किंवा वाहन थांबवून झडती घेण्यापूर्वी आपले नाव, आपले ठाणे, कशाचा शोध घेत आहोत आणि संशयाचे कारण काय हे सांगितले पाहिजे. झडतीची नोंद केली पाहिजे. आणि ज्याची झडती झाली त्याला त्या नोंदीची प्रत मागण्याचा हक्क आहे. काही सापडले की नाही याच्याशी या हक्काचा संबंध नाही. एवढेच नव्हे, तर मालक जवळ नसताना उभ्या गाडीची झडती घेतली तर तशी सूचना गाडीत ठेवून जाणे पोलिसावर बंधनकारक आहे. तिथेही या अधिकाराच्या वापराबद्दल, विशेषतः कृष्णवर्णीय तरुणांना वारंवार अडवले जाण्याबद्दल, तीव्र वाद झाले आहेत. पण तो वाद आकड्यांनिशी घालता येतो, कारण नोंदी आहेत. आपल्याकडे कोणाला जास्त अडवले जाते, कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या पेहरावातल्या, कोणत्या नंबरप्लेटच्या गाडीला जास्त उघडायला लावले जाते, याबद्दल सगळ्यांचे अनुभव आहेत, पुरावा कोणाकडेच नाही.

या पत्राचा अर्थ नाकाबंदी नको असा कोणी काढू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी नसती आणि तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबची बंदूक धरून ठेवली नसती, तर त्या हल्ल्याचा जिवंत पुरावा आपल्या हाती लागला नसता. त्या नाकाबंदीवरच्या मंडळींना वायरलेसवरून पळवलेल्या स्कोडा गाडीची बातमी मिळालेली होती. ते एका विशिष्ट गाडीची वाट पाहत होते. कायद्याला हवे असलेले वाजवी कारण ते हेच. रात्ररात्र रस्त्यावर उभे राहणाऱ्या, जेवणखाण आणि प्रसाधनगृह यांची सोय नसलेल्या शिपायांबद्दल मला आदर आहे, आणि झडतीची नोंद करणे हे त्यांच्यावरचे आणखी एक ओझे होऊ नये असेही वाटते. उलट, आपण ‘वरून आदेश होता म्हणून’ घेतलेल्या झडतीची जबाबदारी पुढे आपल्यावर ढकलली गेली तर ही नोंद त्यांनाच वाचवील.

निवडणुकीच्या काळात तर हा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांसमोर येतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बड्या नेत्यांच्या हेलिकॉप्टरमधल्या बॅगा तपासल्याच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या, आणि त्यांतल्या काही त्या नेत्यांनीच काढलेल्या होत्या. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत नाक्यांवरच्या स्थिर पथकांसाठी बरेच नियम आहेत: तपासणीचे चित्रीकरण, महिलेची पर्स महिला अधिकाऱ्यानेच पाहणे, उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या गाडीत ५० हजार रुपयांहून जास्त रोकड मिळाल्यास जप्ती, १० लाखांहून जास्त रोकड असल्यास प्राप्तिकर विभागाला कळवणे, आणि जप्त रोकड सोडवून घेण्यासाठी जिल्हा पातळीवर तीन अधिकाऱ्यांची समिती. कापूस विकून किंवा लग्नाची खरेदी करायला रोकड घेऊन निघालेल्या सामान्य माणसाला या समितीचे नावही माहीत नसते आणि जप्तीच्या वेळी कोणी ते आपणहून सांगत नाही. तरीही माझा मुद्दा असा की, निवडणुकीच्या त्या काही आठवड्यांत प्रत्येक तपासणीचे चित्रीकरण करणे जमते, तर एरवी का जमू नये?

चित्रीकरणाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. झडतीचे चित्रण नागरिकाने स्वतःच्या मोबाइलवर केले तर अनेकदा मोबाइल हिसकावून घेतला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याच्या अर्थाने प्रतिबंधित ठिकाण नाही, त्यामुळे तिथे चित्रण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. ठाण्याच्या आत जर ही स्थिती, तर उघड्या रस्त्यावर काय असावी हे सांगण्याची गरज नाही. आणि गाडीच्या झडतीबरोबर चालकाच्या मोबाइलमधले संदेश चाळण्याची जी नवी सवय काही ठिकाणी लागली आहे, तिला तर मोटार वाहन कायद्यात काडीचाही आधार नाही.

या पार्श्वभूमीवर राज्याच्या गृह विभागाने आणि पोलीस महासंचालकांनी एक परिपत्रक काढावे अशी मागणी मी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करतो. नाकाबंदीत गाडीच्या आत हात घालून काही शोधले गेले, मग काही सापडो वा न सापडो, तर ती कलम १०५ ची झडती मानून तिचे चित्रण व्हावे. चालकाला जागेवरच एक छोटी पावती मिळावी, जिच्यावर अधिकाऱ्याचे नाव आणि बिल्ला क्रमांक, ठाणे, वेळ, गाडीचा क्रमांक, शोधलेली वस्तू आणि कायद्याचे कलम एवढेच असावे. दंडाच्या ई-चलनासाठी जे यंत्र हवालदाराच्या हातात आधीच आहे, त्यातून ही पावती निघू शकेल. दंड आकारताना संदेश मोबाइलवर येतोच, तसाच झडतीचाही यावा. कारण म्हणून ‘संशयास्पद हालचाल’ एवढेच लिहिण्यास मनाई असावी. हालचाल कोणती ते लिहावे. ठाण्यानुसार दर महिन्याला किती गाड्यांची झडती झाली आणि किती गाड्यांत काही सापडले याचा तपशील प्रसिद्ध व्हावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात नाहक, त्रासदायक अडवणूक, झडती आणि अटकेबद्दल आणि एनडीपीएस कायद्याच्या कलम ५८ मध्ये विनाकारण झडतीबद्दल अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे; राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. पण तक्रार करणाऱ्याच्या हातात झडती झाल्याचा कागदच नसेल तर तो या दारांपर्यंत जाणार कसा?

कायद्यात बदल करण्याची गरज यासाठी नाही, विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचीही नाही. संहितेच्या कलमांत जे आधीच लिहिलेले आहे ते नाकाबंदीच्या बॅरिकेडपर्यंत नेण्यासाठी एक परिपत्रक पुरेसे आहे. तोपर्यंत ज्या वाचकांच्या गाडीची झडती होईल त्यांनी शांतपणे आणि आदराने कलम आणि कारण विचारावे, तारीख, वेळ आणि जागा टिपून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्या नोंदीच्या प्रतीसाठी कलम १८५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज करावा. नोंद नाही असे उत्तर आले तर ते उत्तरही लेखी घ्यावे आणि तक्रार प्राधिकरणाकडे पाठवावे.

आपला नम्र,
फौजदारी न्यायालयात वकिली करणारा एक वाचक